टिपणातला दगड

रोव्हरची, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राची, काठी बांधावर टेकली की भोवती उभ्या असलेल्या माणसांच्या नजरा आधी आभाळाकडे जातात. मग कोणीतरी विचारतंच, "आता सॅटेलाइटनं हद्द कळणार ना, साहेब?" हा प्रश्न भाबडा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. भावाभावांत किंवा शेजाऱ्याशेजाऱ्यांत वर्षानुवर्षं बोलणं बंद झालेलं असतं, मोजणीची फी भरलेली असते, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेलेल्या असतात. माणसाच्या हाताबाहेरचं काहीतरी आता निकाल देईल, ही आशा अगदी खरी असते.

पण उपग्रहांमुळे कळतं ते एवढंच, की काठीचं टोक पृथ्वीवर नेमकं कुठे टेकलं आहे. तेही दीड-दोन सेंटिमीटरच्या आत, म्हणजे कौतुक वाटावं इतकं नेमकं. हद्द कुठे आहे हे उपग्रहाला ठाऊक नसतं. ती असते शंभर-दीडशे वर्षांपूर्वी काढलेल्या एका टिपणात, आणि त्या टिपणातल्या दगडांपैकी जे अजून जागचे हललेले नाहीत त्यांच्यात. आभाळातला आकडा आणि टिपणातला दगड यांची गाठ घालायचं काम भूकरमापकाचं, म्हणजे सरकारी मोजणीदाराचं. नवं यंत्र आल्यापासून हे काम सोपं झालं असं सगळेच म्हणतात. माझ्या मते ते वेगवान झालं आहे. सोपं झालेलं नाही.

टिपण म्हणजे काय, ते आधी बघू. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातली पहिली जमीन-पाहणी, प्रिंगल या अधिकाऱ्याची, फसली. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम हाती घेतलं, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानंतर ती रीत इलाखाभर रुळली. हत्यारं दोनच, शंकू आणि साखळी. शंकू म्हणजे काटकोनात दोन फटी पाडलेला ठोकळा, काठीवर बसवलेला. एका फटीतून आधाररेषा साधायची, दुसरीतून त्या रेषेवर लंब कुठे पडतो ते बघायचं. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ भाग. एका भागाला म्हणायचं आणा.

३३ फूटच का, याचं उत्तर फार सुंदर आहे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. साखळीत मोजलेली लांबी आणि साखळीत मोजलेली रुंदी यांचा गुणाकार केला की उत्तर थेट गुंठ्यात येतं, मध्ये कुठलंच कोष्टक लागत नाही. समजा चार कोपऱ्यांचं एक शेत आहे. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना जोडणारी आधाररेषा १२ साखळी ८ आणे भरली. एका बाजूच्या कोपऱ्याचा लंब ४ साखळी, दुसऱ्या बाजूचा ३ साखळी ४ आणे. पहिला त्रिकोण साडेबारा गुणिले चार भागिले दोन, म्हणजे २५ गुंठे. दुसरा २० गुंठे ५ आणे. एकूण ४५ गुंठे ५ आणे, अर्थात १ एकर ५ गुंठे ५ आणे. आजच्या सातबाऱ्याच्या भाषेत ४५.८४ आर. हा हिशोब गुणाकार बुकात सापडतो, आणि टिपणावर सापडते हाताने काढलेली आकृती: रेषा, लंब, त्यांवरचे आकडे, दगडांच्या खुणा, शेजारच्या सर्व्हे नंबरांचे आकडे.

ही आकृती प्रमाणात काढलेली नसते. टिपणावर पट्टी ठेवून अंतर मोजणारा माणूस तिथेच चुकतो. टिपणात खरे असतात ते आकडे. रेघ फक्त कुठला आकडा कुठे लागू आहे ते सांगते. उलट गावनकाशा किंवा गट नकाशा प्रमाणात असतो, पण तो लहान असतो. १ इंचाला ६६० फूट अशा प्रमाणाचा नकाशा असेल, तर कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळपास ४ मीटर रुंद होते. त्यात कापडावर चिकटवलेला जुना कागद आक्रसतो, घडीवर फाटतो, आणि १९४७ च्या कायद्यानंतर एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांचे गट झाले तेव्हा तो पुन्हा उतरवला गेलेला असतो. असा नकाशा स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर ताणून बसवायचा, आणि त्या रेघेवर रोव्हर नेऊन "ही तुमची हद्द" म्हणायचं, हा आजचा सगळ्यांत मोठा धोका आहे. चार मीटर जाडीच्या रेघेला दोन सेंटिमीटरच्या काठीने शोधलं म्हणून रेघ बारीक होत नाही. मोजणीनंतर शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या नकाशावर, म्हणजे 'क' प्रतीवर, मात्र अक्षांश-रेखांश दशांशाच्या आठ-आठ घरांपर्यंत छापलेले असतात, आणि ते बघून तो गप्प बसतो.

म्हणून चांगला भूकरमापक शेतात आल्यावर आधी हद्द शोधत नाही. तो दगड शोधतो. टिपण, गुणाकार, आकारफोड (पोटहिश्शांच्या क्षेत्राची आणि आकाराची नोंद), एकत्रीकरणाचा उतारा आणि आधी झालेल्या मोजण्यांच्या 'क' प्रती एवढं सगळं त्याने कार्यालयातून निघतानाच बरोबर घेतलेलं असतं. हद्दीचा दगड ओळखायचा म्हणजे तो घडवलेला आहे का, खोल रोवलेला आहे का, बांध त्याच्याभोवती वाढला आहे की तो बांधावर नुसता आणून ठेवला आहे, हे बघायचं. कोपऱ्यावर म्हसोबा म्हणून शेंदूर लागलेला दगड असेल तर बरं वाटतं, कारण शेंदराच्या दगडाला नांगर लावायचा धीर सहसा कोणाला होत नाही. तरी तिथेही विचारून घ्यावं; रस्ता रुंद करताना देवसुद्धा दोन पावलं आत सरकतात. स्वतःच्या नंबरात एकही दगड मिळाला नाही तर शेजारच्या नंबरात, तिथे नाही तर शिवेपर्यंत जायचं. जुनी बांधीव विहीर किंवा दोन ओढ्यांचा संगम यांचाही आधार होतो, फक्त ओढ्यावर फार विसंबू नये. पाणी दीडशे वर्षं एकाच वाटेने जात नाही.

समजा चार दगड सापडले. रोव्हरने चारही घेतले. आता टिपणाची आकृती या चार बिंदूंवर बसवायची. ती सरकवता येते, फिरवता येते आणि सगळीकडे सारख्या प्रमाणात थोडी मोठी-लहान करता येते. यापलीकडे तिला हात लावायचा नाही. एक कोपरा ओढून, दुसरा दाबून नकाशा जागेवर बसवला तर तो बसलेला दिसतो आणि खोटा असतो.

दोन दगडांवर कुठलीही आकृती बसते, म्हणून दोन दगड म्हणजे काहीच पुरावा नाही. तीन असले तर काहीतरी खटकतंय एवढं कळतं. चार असले तर कोण खटकतंय ते कळतं. तीन दगड १५-२० सेंटिमीटरच्या आत जुळतात आणि चौथा २ मीटर बाहेर पडतो, तेव्हा तो चौथा हललेला असतो. त्याला वगळून पुन्हा बसवलं की बाकीचे आणखी घट्ट जुळतात. दगड कोणी हलवला हे यंत्र सांगणार नाही. पण तो हलला आहे हे सगळ्यांसमोर आकड्यांत दाखवता येतं, आणि या कामात यंत्राचा इतका उपयोग दुसरा कुठलाही नाही.

आता प्रमाणाचं बघू. टिपणात दोन दगडांमधलं अंतर १२ साखळी ८ आणे, म्हणजे १२५.७३ मीटर. रोव्हर दाखवतो १२६.०५. बत्तीस सेंटिमीटर जास्त. बाकीच्या बाजूही त्याच प्रमाणात जास्त भरत असतील, तर त्या वेळची साखळी वापरून वापरून इंचभर लांबली होती. कड्या झिजतात, ओढून ओढून दुवे उघडतात, ३३ फुटांची साखळी ३३ फूट १ इंच होते आणि मोजणाऱ्याच्या नोंदीत अंतर कमी येतं. याउलट रोव्हरचं अंतर टिपणापेक्षा कमी येत असेल तर उताराकडे बघावं. साखळी जमिनीवरून उतरत जाते, रोव्हर आडवं अंतर देतो. ५ टक्के उतारावर १०० मीटरला साडेबारा सेंटिमीटरचा फरक, १० टक्क्यांवर अर्धा मीटर, आणि कोकणातल्या वरकस जमिनीत २० टक्के उतार असला तर जवळपास २ मीटर. साखळी पायऱ्यापायऱ्यांनी आडवी धरून मोजायची रीत होती, पण दिवसभर उन्हात चढावर ती प्रत्येकाने पाळली असेल असं धरून चालू नये.

इथे तरुण भूकरमापकांची एक चूक वारंवार होते, आणि ती प्रामाणिकपणातून होते. टिपणात १२५.७३ आहे म्हणून ते रोव्हरने अचूक १२५.७३ मीटर मोजून तिथे खूण रोवतात. यंत्र बरोबर, आकडा बरोबर आणि हद्द ३२ सेंटिमीटर चुकलेली. कारण मूळ माणसाने दगड रोवला होता तो त्याच्या लांबलेल्या साखळीने. त्याच साखळीने शेजारचा नंबरही मोजला होता. आपण एकट्या एका नंबरला आजच्या मीटरने कापलं तर उरलेली पट्टी कोणाच्याच सातबाऱ्यावर राहत नाही, आणि मग तिच्यावरून भांडण उभं राहतं. जुनी साखळी जितकी लांबली होती, तितकीच लांबवून मोजायला हवं.

रोव्हरचं स्वतःचंही एक शास्त्र आहे आणि ते वापरणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांच्या मुख्य लहरीची लांबी १९ सेंटिमीटर. लहरीचा कितवा अंश आपल्यापर्यंत पोचला हे रोव्हर मिलिमीटरभर नेमकं मोजतो, पण वाटेत पूर्ण लहरी किती झाल्या हे त्याला मोजता येत नाही, गणिताने शोधावं लागतं. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायम स्थानकांकडून, म्हणजे कॉर्सकडून, मोबाइलच्या इंटरनेटवरून दुरुस्त्या येतात. पूर्ण लहरींचा आकडा सुटला की पडद्यावर 'फिक्स' येतं. सुटला नाही तर 'फ्लोट', आणि फ्लोटमध्ये अर्धा मीटरही इकडेतिकडे होऊ शकतो. फ्लोटवर घेतलेला बिंदू हद्दीसाठी वापरू नये, कितीही घाई असली तरी.

पण फिक्स आलं म्हणजे संपलं असंही नाही. आंब्याखाली, पत्र्याच्या शेडला लागून, उभ्या उसाच्या कडेला लहरी आपटून येतात आणि गणित चुकीच्या आकड्यावर ठाम होतं. पडद्यावर फिक्सच असतं. याला उपाय एकच: जोडणी तोडायची, नव्याने फिक्स घ्यायचं, आणि महत्त्वाचे दगड अर्ध्या तासाने पुन्हा घ्यायचे. तेवढ्यात उपग्रह आभाळात सरकलेले असतात, त्यामुळे खोटं फिक्स सहसा दुसऱ्यांदा त्याच जागी येत नाही. दोन वाचनांत ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर दोन्ही टाकून द्यावीत. काठीचा बुडबुडा बघत राहावं; २ मीटरची काठी १ अंश कलली तर टोक साडेतीन सेंटिमीटर चुकतं. आणि जमेल तेवढं काम सकाळी उरकावं. आपण ज्या अक्षांशावर राहतो तिथे दुपारनंतर वरच्या वातावरणातला विद्युतभारित थर लहरींना जास्त त्रास देतो. दुपारी वारंवार फ्लोट येतं ते नेहमी यंत्र बिघडल्यामुळे नसतं. सह्याद्रीच्या खोऱ्यात मोबाइलची रेंजच नसते, तिथे स्वतःचा बेस, म्हणजे दुरुस्त्या पाठवणारं दुसरं यंत्र, लावून रेडिओवर काम करावं लागतं, नाहीतर उपग्रहांशिवाय कोन आणि अंतर मोजणाऱ्या ईटीएस मशीनने.

एक भांडण तर निव्वळ नकाशाशास्त्रातून येतं आणि त्याची कल्पना फार कमी जणांना असते. शेतकरी टेप आणतो, बांध मोजतो आणि म्हणतो, तुमचं मशीन कमी दाखवतंय. तो खरं बोलत असतो. रोव्हरचे निर्देशांक, म्हणजे जागा सांगणारे आकडे, यूटीएम नावाच्या नकाशा-पद्धतीत असतात. गोल पृथ्वी सपाट करताना मधल्या रेखांशावर, आपल्याकडे ७५ अंशांवर, सगळी अंतरं मुद्दाम १०० मीटरला ४ सेंटिमीटर लहान केलेली असतात. त्यात समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची भर पडते. पंढरपूर, पैठण, छत्रपती संभाजीनगर हा पट्टा ७५ रेखांशाला लागून आहे. तिथे १०० मीटरला साडेचार-पाच सेंटिमीटर, म्हणजे ३०० मीटरच्या बांधाला १४-१५ सेंटिमीटर कमी दिसतात. हेक्टरी नऊ-दहा चौरस मीटर क्षेत्र नाहीसं होतं. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर उलट, तिथे १०० मीटरला दोनेक सेंटिमीटर जास्त दिसतात. रोव्हरच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे हातातल्या पडद्यावर, अंतर ग्रिडचं (सपाट नकाशावरचं) दाखवायचं की जमिनीवरचं, ही एक निवड असते. ती तपासली नाही तर टेप आणि रोव्हर दिवसभर भांडत राहतात आणि माणसं त्यांच्या बाजूने.

राज्याला या पद्धतीचे पट्टेही दोन लागतात, ७८ रेखांशाच्या अलीकडे ४३ आणि पलीकडे ४४. अमरावती शहर ४३ मध्ये, यवतमाळ ४४ मध्ये. पट्टा चुकला तर बिंदू सहाशेहून जास्त किलोमीटर दूर पडतो, त्यामुळे ती चूक लगेच पकडली जाते. पकडल्या जात नाहीत त्या सेंटिमीटरांच्या. भारताची मोठी त्रिकोणमालिका मोजायला सुरुवात करणाऱ्या विल्यम लॅम्बटनचा १८२३ साली ४४ पट्ट्यातल्याच हिंगणघाटला अंत झाला. मद्रासजवळ १८०२ मध्ये आधाररेषा मोजून सुरू केलेलं काम उत्तरेकडे नेताना तो तिथवर पोचला होता. त्या मोठ्या त्रिकोणमालिकेतली माणसं उन्हाने साखळी किती वाढली याचाही हिशोब ठेवत. आज रोव्हर चालवणाऱ्याने कंट्रोलरची एक खूण तपासावी, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आणखी एक गोष्ट, जी पुढच्या पिढीला भोवणार आहे. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. शेत, विहीर, दगड, सगळं एकत्र सरकतं, त्यामुळे आपसातली अंतरं बदलत नाहीत. पण साऱ्या पृथ्वीसाठी धरलेल्या मोजणीच्या चौकटीतले निर्देशांक बदलतात. वीस वर्षांनी कोणी आजच्या 'क' प्रतीवरचे अक्षांश-रेखांश घेऊन थेट बांधावर आला आणि मधल्या काळाचा हिशोब केला नाही, तर तो मीटरभर शेजाऱ्याच्या शेतात उभा असेल. म्हणून निर्देशांक कुठल्या चौकटीत आणि कुठल्या काळाला धरून आहेत, हे नकाशावर लिहिलंच पाहिजे.

मोबाइलचं थोडक्यात सांगतो. उघड्या रानात फोन ३ ते ५ मीटरच्या आत जागा सांगतो. ट्रॅक्टरवाल्याला नांगरटीचे किंवा हार्वेस्टरवाल्याला काढणीचे पैसे देण्यासाठी बांधाने फिरून क्षेत्र काढायला हे पुरतं, कारण मोठ्या शेतात चुका एकमेकींना बऱ्याच खातात. एक गुंठ्याचा प्लॉट मात्र जेमतेम १० मीटर बाजूचा. तिथे फोनवर मोजणं म्हणजे अंदाजच. आणि २०२१ पासून मोबाइलवरून पीक नोंदवायची ई-पीक पाहणी शेतकऱ्याच्या हातात आली तेव्हापासून दुसरीच अडचण दिसते. माणूस स्वतःच्या उभ्या सोयाबीनमध्ये असतो आणि ॲप त्याला गटाच्या बाहेर समजतं. फोन दरवेळी चुकलेला नसतो. पुष्कळदा ताणून बसवलेला गट नकाशाच सरकलेला असतो.

गावठाणातलं काम वेगळं. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० ला गावठाणातल्या घरांच्या मोजणीची केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोन उडण्याआधी घराघरांच्या हद्दींवर चुन्याच्या फक्क्या टाकतात. का, तर ड्रोनला वरून दिसते ती वळचण. भिंतीचा पाया दिसत नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट पत्रा पुढे आलेला असेल तर वीस फुटांचं घर चोवीस फुटांचं होतं, आणि मधला बोळ चित्रात नाहीसाच होतो. चुना टाकायच्या दिवशी घरातली माणसं हजर असतील तर मिळकत पत्रिका बरीचशी बिनचूक येते. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्यांची घरं त्या दिवशी कुलपात असतात. त्यांच्या बाजूने तेव्हा बोलतो तो शेजारीच.

मोजणी संपताना भूकरमापक दोन रेषा दाखवतो, अभिलेखातली आणि वहिवाटीची. मोजणीने ताबा मिळत नाही, ते काम न्यायालयाचं. हे त्याने पंचनाम्यावर सह्या घेण्याआधी मोठ्याने सांगावं, कारण अर्ध्या लोकांना तिथेच जेसीबी बोलवायचा असतो. मग खुणा पक्क्या करायच्या. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते, लाकडी खुंटी वाळवी खाते. गुडघ्याच्या वरपर्यंत खोल खड्डा घ्यावा, तळाला पाटीभर लोणारी कोळसा आणि फुटकी कौलं टाकावीत, वर लांब दगड उभा रोवून भोवती मुरूम ठासावा. हद्दीखाली कोळसा आणि खापऱ्या पुरायची चाल आपल्या जुन्या स्मृतिग्रंथांतही सांगितलेली आहे, कारण कोळसा कुजत नाही. पुढेमागे कोणी दगड उपटला तरी मातीत काळा थर राहतो. दगड रोवून झाला की रोव्हरची काठी त्याच्या माथ्यावर धरावी, बुडबुडा मध्ये आणावा, वाचन घ्यावं, अर्ध्या तासाने पुन्हा घ्यावं, आणि दोन्ही वाचनं तारखेसह दोन्ही शेजाऱ्यांना लिहून द्यावीत.